इबादानच्या वर्गातील हरकत

गोष्ट १९५०च्या दशकाच्या आरंभीची आहे. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया हा देश तेव्हा ब्रिटिश अमलाखाली होता. तेथील इबादान शहरात १९४८ साली सुरू झालेले युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन विद्यापीठाशी जोडलेले होते. अभ्यासक्रम लंडनच्या धर्तीवरचा, पदवी लंडनची आणि शिकवणारे बहुतांशी इंग्रज. इंग्रजी साहित्याच्या वर्गात जॉइस कॅरी यांची ‘मिस्टर जॉन्सन’ ही कादंबरी अभ्यासाला होती. विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वतःच्या देशाविषयीही काही वाचावयास मिळावे, या सद्हेतूनेच प्राध्यापकांनी ती निवडली होती. चर्चेच्या वेळी एका हुशार विद्यार्थ्याने स्पष्टच सांगितले की, या संपूर्ण पुस्तकात आपल्याला आनंद वाटला तो एकाच प्रसंगी, नायक जॉन्सन याला गोळी घातली जाते तेव्हा.

प्राध्यापकांना हा उद्धटपणा वाटला असल्यास नवल नाही. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची इंग्लंड-अमेरिकेत मोठी वाहवा झाली होती. कॅरी यांनी तरुणपणी नायजेरियात सरकारी अधिकारी म्हणून नोकरी केली होती, त्यामुळे त्यांचे लेखन अनुभवाचे मानले जाई. १९५२ साली अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर स्थान दिले. अशा लेखकाची कृती नायजेरियातील विद्यार्थ्यांना मात्र मुळीच पटली नव्हती, आणि तसे वाटणारा तो विद्यार्थी वर्गात एकटा नव्हता.

त्यांना खटकले तरी काय? जॉन्सन हा ब्रिटिश कचेरीतील एक तरुण नायजेरियन कारकून आहे. तो सदैव कर्जात बुडालेला, बडेजावाचा शौकीन, नाचगाण्यात रमणारा आणि साहेबाला देव मानणारा आहे. साहेबाला रस्ता बांधण्याचे वेड असते. पैसा कमी पडतो तेव्हा एका खात्यातील रक्कम दुसरीकडे वळवण्याची युक्ती त्याला जॉन्सनच सुचवतो. पुढे तो चोरी करतो, त्यात त्याच्या हातून एका गोऱ्या दुकानदाराचा खून होतो आणि त्याला देहान्ताची शिक्षा होते. फाशीऐवजी साहेबाने स्वतःच्या हाताने आपल्याला मारावे, अशी विनवणी तो करतो आणि साहेब ती मान्य करतो. विद्यार्थ्यांना या माणसात आपला बाप, भाऊ किंवा शेजारी कोठेच दिसेना. देश ओळखीचा होता, पण त्यातील माणसे परकी होती.

त्या वर्गात चिनुआ अचेबे नावाचा एक विद्यार्थी बसला होता. हा प्रसंग त्याच्या मनात इतका खोल रुतला की, जवळजवळ अर्धशतकानंतर, २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होम अँड एक्झाइल’ या व्याख्यानसंग्रहात त्याने तो आवर्जून सांगितला.

विश्वसाहित्य म्हणजे देवघेव

‘विश्वसाहित्य’ हा शब्द आज महाविद्यालयांत सहज वापरला जातो. त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती जर्मन कवी ग्योटे यांनी. १८२७ साली एक चिनी कादंबरी वाचल्यानंतर, आता केवळ आपल्या देशाच्या साहित्यापुरते पाहण्याचे दिवस संपले, अशा अर्थाचे विचार त्यांनी बोलून दाखवले होते. कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा जर्मन अनुवाद वाचून हरखून जाणारे ग्योटे ते हेच. राष्ट्राराष्ट्रांतील साहित्याचा हा व्यवहार समजावून सांगताना ते बाजारपेठेची आणि मालाच्या देवघेवीची भाषा वापरीत. १९०७ साली रवींद्रनाथ ठाकुरांनीही कोलकात्यात ‘विश्वसाहित्य’ याच विषयावर व्याख्यान दिले होते.

देवघेव म्हटली की दोन पक्ष आले. व्यापारी कुटुंबांत वर्षअखेरीस खाती पाहताना केवळ स्वतःच्या खतावणीवर विसंबून चालत नाही. समोरच्या पेढीचा खातेउतारा मागवावा लागतो आणि दोन्हींचा ताळा जमला तरच येणे-देणे खरे मानले जाते. एकानेच दोघांची खाती लिहिली, तर लिहिणारा कितीही सज्जन असो, त्या वहीवर भरवसा ठेवणे कठीण. इबादानच्या वर्गात नेमके हेच घडले होते. आफ्रिकेच्या खात्यातील सर्व नोंदी दुसऱ्याच्या हातच्या होत्या आणि ज्याच्या नावाचे ते खाते, त्याच्यापुढे ते प्रथमच उघडले गेले होते.

हरकत घेणे सोपे नव्हते, कारण हे विद्यार्थी त्याच पुस्तकांवर वाढले होते. अचेबे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९३० रोजी पूर्व नायजेरियातील ओगिडी येथे झाला. वडील ख्रिस्ती धर्मप्रचारक आणि शिक्षक होते. उमुआहिया येथील सरकारी शाळेत उत्तम ग्रंथालय होते आणि तेथे चिनुआने इंग्रजी साहसकथांचा फडशा पाडला. त्या कथांत शूर गोरा प्रवासी आणि त्याच्यावर चाल करून येणारे रानटी लोक असत. आपण त्या वेळी निःशंकपणे गोऱ्या प्रवाशाच्या बाजूने होतो, अशी कबुली अचेबे यांनी नंतर दिली आहे. जोसेफ कॉनरॅड यांच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या कादंबरीतही काँगो नदीतून एक नाव जाते आणि काठावर काळी माणसे नाचता-ओरडताना दिसतात. आपली जागा नावेत नसून काठावरच्या त्या माणसांत आहे, हे लक्षात यायला त्यांना बराच काळ जावा लागला.

वैद्यकाकडून साहित्याकडे

अचेबे साहित्याच्या वर्गात पोहोचले, त्यामागे एका कुटुंबाची कथा आहे. ते इबादानला गेले होते डॉक्टर होण्यासाठी आणि त्याकरिता त्यांना मानाची शिष्यवृत्ती मिळाली होती. परंतु एका वर्षातच आपला ओढा विज्ञानाकडे नाही, हे त्यांना उमगले. त्यांनी वैद्यकाचा मार्ग सोडून इंग्रजी, इतिहास आणि धर्मविचार हे विषय घेतले. त्याबरोबर शिष्यवृत्तीही गेली.

मुलाने हमखास प्रतिष्ठेचा व्यवसाय सोडून कथा-कादंबऱ्यांचा अभ्यास करावा, ही गोष्ट कोणत्या घरात सहज स्वीकारली जाईल? मोठ्या कुटुंबाचा खर्च बेताच्या मिळकतीत चालवणाऱ्या घरात तर नाहीच. अचेबे यांच्या घरच्यांनी मात्र पदरचे पैसे एकत्र केले. त्यांचे मोठे भाऊ ऑगस्टिन हे सरकारी नोकरीत होते. रजेवर घरी जाण्यासाठी त्यांना जे प्रवासाचे पैसे मिळणार होते, त्यावर त्यांनी पाणी सोडले आणि ती रक्कम धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी दिली. पुढे थोडी सरकारी मदतही मिळाली. १९५३ साली अचेबे पदवीधर झाले, तेही दुसऱ्या वर्गात. त्या दिवशी कोणी ताळेबंद मांडला असता, तर भावाने गुंतवलेली रक्कम त्याला बहुधा बुडीत खाती टाकावी लागली असती.

शिकवणाऱ्यांविषयी अचेबे यांनी कधी कृतघ्नता दाखवली नाही. जेम्स वेल्च या प्राध्यापकांनी एकदा विद्यार्थ्यांना प्रांजळपणे सांगितले होते की, तुम्हाला जे हवे ते कदाचित आम्हाला शिकवता येणार नाही. आम्हाला जे ठाऊक आहे तेवढेच आम्ही शिकवू शकतो. हे वाक्य अचेबे यांनी आयुष्यभर लक्षात ठेवले. प्राध्यापकांना जे शिकवता येणार नव्हते, ते स्वतःच लिहावे लागणार, हा त्याचा सरळ अर्थ होता.

भिंतीवरची उधारी

पदवीनंतर १९५४ साली अचेबे लागोस येथे नायजेरियन आकाशवाणीत नोकरीला लागले आणि फावल्या वेळात कादंबरी लिहू लागले. १९५६ साली प्रशिक्षणासाठी लंडनला गेले असता, गिल्बर्ट फेल्प्स या कादंबरीकाराने हस्तलिखित वाचून ते प्रकाशकाकडे पाठवण्याची तयारी दाखवली. अचेबे यांनी नम्रपणे थांबण्यास सांगितले. तीन पिढ्यांची ती लांबलचक कथा त्यांना अजून कच्ची वाटत होती. परतल्यावर त्यांनी पुढचे भाग बाजूला ठेवले आणि पहिल्या पिढीची कथाच पुन्हा घडवली.

यानंतर घडलेली गोष्ट वाचताना आजही काळजाचा ठोका चुकतो. हस्तलिखिताची एकमेव प्रत त्यांनी टंकलेखनासाठी लंडनच्या एका संस्थेकडे टपालाने पाठवली आणि मागितलेले पैसेही भरले. महिने उलटले तरी उत्तर नाही. अखेर आकाशवाणीतील त्यांच्या वरिष्ठ अँजेला बीटी रजेवर लंडनला गेल्या, त्या संस्थेच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी कडक शब्दांत जाब विचारला, तेव्हा कोपऱ्यात धूळ खात पडलेली ती प्रत टंकलिखित होऊन परत आली. ती गहाळ झाली असती, तर आपला धीर कायमचा खचला असता, असे अचेबे यांनी म्हटले आहे. १७ जून १९५८ रोजी लंडनच्या हाइनमन प्रकाशनाने ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. पहिली आवृत्ती अवघ्या २००० प्रतींची होती. लेखकाचे वय होते २७.

या कादंबरीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा इग्बो समाज आहे. नायक ओकोन्क्वो याचे वडील उनोका हे बासरी वाजवण्यात रमणारे, आनंदी आणि कायम उधारीत असलेले गृहस्थ आहेत. ओकोये नावाचा शेजारी त्यांच्याकडे दोनशे कवड्या मागावयास येतो. कवडी हेच तेथले नाणे. आधी कोला नावाच्या झाडाचे बी फोडून पाहुण्याचा सत्कार होतो, जसा मराठी घरांत पानसुपारीने होत असे. मग म्हणींची पेरणी करीत पाहुणा हळूच मुद्द्यावर येतो. उनोका पोट धरून हसतात आणि भिंतीवर खडूने ओढलेल्या रेघांचे पाच गट दाखवतात. प्रत्येक रेघ शंभर कवड्यांची आणि प्रत्येक गट एकेका सावकाराचा. मोठी देणी आधी फेडणार, तुमचे लहान, म्हणून तुमचा क्रम मागाहून, असे ते ऐकवतात. ओकोये निमूटपणे आपले कातडी आसन गुंडाळून निघून जातो. ज्याने आयुष्यात कधी वसुलीसाठी दुसऱ्याचा उंबरठा झिजवला आहे, त्याला हा प्रसंग समजण्यासाठी आफ्रिकेचा नकाशा उघडण्याची गरज पडत नाही.

अशा बापाचा मुलगा वारशात काहीच न मिळाल्याने एका श्रीमंत शेतकऱ्याकडे जातो आणि लागवडीसाठी कोनफळाच्या जातीच्या कंदाचे बियाणे वाट्याने मागतो. त्याची मेहनती वृत्ती पाहून तो वडीलधारा त्याला ८०० कंद देतो. नेमके त्याच वर्षी आधी अवर्षण आणि मग अतिवृष्टी होते. तरीही ओकोन्क्वो उभा राहतो. बापासारखे होण्याची भीती हेच त्याचे खरे भांडवल आणि पुढे तीच त्याच्या नाशाचे एक कारण ठरते. पत, शब्द, कष्ट आणि घराण्याचे नाव यांवर उभा असलेला हा माणूस कोठे आणि कॅरींचा नाचरा कारकून कोठे!

कादंबरीचा शेवटही लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंग्रज राजवट आणि नवा धर्म गावात येतात, जुनी घडी विसकटते आणि ओकोन्क्वोचा शोकान्त होतो. तेव्हा जिल्ह्याचा गोरा अधिकारी मनात म्हणतो की, आपण लिहीत असलेल्या पुस्तकात या माणसावर एखादा परिच्छेद घालता येईल. वाचकाने पंचवीस प्रकरणे ज्याच्यासोबत काढली, त्याची सरकारी वहीतली नोंद एवढीच. इबादानच्या वर्गातील हरकतीला दिलेले हे उत्तर होते.

स्वतःच्या बाजूच्या नोंदी

परंतु हे उत्तर केवळ आत्मस्तुतीचे असते, तर ते फार काळ टिकले नसते. समोरच्याने आपले खाते चुकीचे लिहिले म्हणून रागाने स्वतःकडे फक्त जमा दाखवणे, हाही खोटा हिशेबच. अचेबे यांनी तसे केले नाही. त्यांच्या कादंबरीत गावची न्यायपद्धती, शेतीची शिस्त, पाहुणचार आणि भाषेचे वैभव आहे. त्याचबरोबर जुळी मुले अशुभ मानून रानात टाकून देण्याची रूढी आहे, समाजाबाहेर ठेवलेल्या ‘ओसू’ लोकांचे दुःख आहे आणि घरात मुलासारखा वाढलेल्या इकेमेफुना या निरपराध मुलाची हत्याही आहे. ओकोन्क्वोचा थोरला मुलगा न्वोये नव्या धर्माकडे वळतो तो या जखमांमुळेच. परक्यांनी केलेला अन्याय आणि स्वकीयांची हिंसा, दोन्ही एकाच वहीत, एकाच शाईने नोंदवली आहेत.

या प्रामाणिकपणामुळेच परक्यांच्या पुस्तकांविषयी ठणकावून बोलण्याचा अधिकार त्यांना मिळाला. १९७५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर वर्णद्वेषाचा उघड आरोप केला. त्यावर मोठा वाद झाला, कॉनरॅड यांची बाजू मांडणारेही अनेक विद्वान पुढे आले आणि तो वाद आजही साहित्याच्या वर्गांत चालतो. मात्र त्या कादंबरीवर बंदी घालावी, अशी मागणी अचेबे यांनी केली नाही. एक वस्तू उभी असेल तेथे तिच्याशेजारी दुसरीही उभी असते, अशा अर्थाची एक इग्बो म्हण ते वारंवार सांगत. सत्याला अनेक बाजू असतात, हे जेथे लहानपणापासून कानावर पडते, त्या घरांत या म्हणीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दूरच्या वर्गांतून आलेली पत्रे

पुढे चक्र फिरले. ज्या विद्यार्थ्याच्या वर्गात परक्यांचे पुस्तक लावले गेले होते, त्याचेच पुस्तक परक्यांच्या वर्गांत लावले जाऊ लागले. अमेरिकेतील यॉन्कर्स गावच्या एका शाळकरी मुलाने अचेबे यांना पत्र लिहून कळवले की, एका आफ्रिकी जमातीच्या चालीरीती आणि अंधश्रद्धा समजल्यामुळे त्याला आनंद झाला. अचेबे यांनी या पत्राचा उल्लेख १९७५च्या त्या व्याख्यानातच केला आणि सौम्यपणे सुचवले की, यॉन्कर्समधील त्याच्या स्वतःच्या लोकांच्याही चमत्कारिक चाली आणि अंधश्रद्धा असतील, हे त्या मुलाच्या गावीही नाही. त्याने पुस्तक वाचले होते, पण खिडकीतून बाहेर पाहावे तसे.

दुसरी पत्रे आली ती दक्षिण कोरियातील एका महिला महाविद्यालयाच्या वर्गातून. त्या विद्यार्थिनींना ओकोन्क्वोच्या गावाची कथा वाचताना स्वतःच्या देशाचा इतिहास आठवला. कोरियावर १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे जपानची सत्ता होती. नायकाला असा शेवट का दिला, अशी तक्रारही त्यांच्यापैकी काहींनी लेखकाकडे केली. आफ्रिका त्यांनी पाहिलेली नव्हती, इग्बो भाषा त्यांना येत नव्हती, तरी आपले काहीतरी कोणीतरी लिहिले आहे, हे त्यांना कळले होते. एकच पुस्तक यॉन्कर्सच्या मुलासाठी खिडकी ठरले आणि कोरियातील मुलींसाठी आरसा. विश्वसाहित्याच्या वर्गाचे सारे यश किंवा अपयश या दोन प्रतिक्रियांमधील अंतरात मोजता येते.

महाराष्ट्रातील इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमांतही ही कादंबरी अनेकदा आलेली आहे. येथील विद्यार्थ्याला कोला म्हटले की पानसुपारी आठवते, गावसभा म्हटली की पंचायत आठवते, आणि ‘ओसू’ म्हटले की आपल्याच गावाच्या वेशीबाहेरची वस्ती आठवून मान खाली जाते. तिन्ही आठवणी सारख्याच मोलाच्या. पहिल्या दोन स्वीकारून तिसरी टाळणारा वाचक अर्धाच ताळा जुळवतो.

घराचा वाटा

१९६२ साली हाइनमनने ‘आफ्रिकन रायटर्स सिरीज’ ही स्वस्त पुस्तकांची माला सुरू केली. तिचे पहिले पुस्तक ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ होते आणि तिचे संपादक सल्लागार म्हणून अचेबे यांनी सुमारे दहा वर्षे काम केले. स्वतःची नोंद झाल्यावर त्यांनी वही मिटली नाही, ती इतरांपुढे सरकवली आणि त्या मालेतून आफ्रिकेतील कितीतरी नवे लेखक पुढे आले. २००० प्रतींनी सुरुवात झालेल्या कादंबरीचे पन्नासहून अधिक भाषांत अनुवाद झाले आणि खप कोटींच्या घरात गेला. २१ मार्च २०१३ रोजी अचेबे यांचे निधन झाले.

व्यापारी कुटुंबांतील मुले-मुली आज वाणिज्य आणि व्यवस्थापनाबरोबर साहित्यही शिकतात. कधी एखादी मुलगी महाविद्यालयातून घरी येते आणि जेवताना सांगते की, अमुक जगप्रसिद्ध पुस्तक तिला मुळीच आवडले नाही. मोठी माणसे बहुधा दोनपैकी एक उत्तर देतात: ‘परीक्षेपुरते वाच आणि सोडून दे’, किंवा ‘जगाने नावाजलेल्या पुस्तकाला नावे ठेवणारी तू कोण?’ दोन्ही उत्तरांनी खाते तेथेच बंद होते. त्याऐवजी, काय खटकले, कोणत्या पानावर खटकले आणि तुला ठाऊक असलेले सत्य त्याहून कसे निराळे आहे, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुरे. हरकतीला तपशिलाचा आधार मिळाला की तिचा अभ्यास होतो. मग त्याच मुलीला, आपल्या घराविषयी तू लिहिलेस तर त्यातील उणिवाही लिहिशील का, हा चौथा आणि अवघड प्रश्नही विचारता येतो.

इबादानच्या वर्गात हरकत घेणारा विद्यार्थी एक होता आणि तिचे उत्तर लिहिणारा दुसरा. या दोघांच्या जोडीला एक तिसराही माणूस होता, जो त्या वर्गात कधी बसला नाही. धाकट्या भावाच्या बाकावरची जागा राखण्यासाठी ऑगस्टिन अचेबे यांनी त्या वर्षी रजेत घरी जाण्याचे पैसे सोडले. पुढे काय घडणार हे ठाऊक नसताना दिलेली ती रक्कम होती आणि तिच्यावर व्याज मागितल्याची नोंद कोठेही नाही.